पोटातला गोळा आणि पेटीची पट्टी

आज हप्ता नाही, कर्ज नाही, बँकेचं काम नाही. चारचौघांत बसून काही करून दाखवायची वेळ आली की पोटात गोळा येतो ना, आज आम्ही त्याच भीतीविषयी बोलणार आहोत.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ जुनं. गळा आमचा, टाळ आमचे, पण पेटीवर कायम गडीमाणूस. एका एकादशीला तो परगावी गेला आणि आम्ही टाळ मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिलो. त्या रात्रीच ठरलं, पेटी आपणच शिकायची. वर्गणी काढून जुनी पेटी घेतली. शेजारच्या गावचे एक गुरुजी शिकवायला येऊ लागले. शिकायला बसलो सहाजणी, टिकलो तिघी.

गुरुजींनी आधी भूप राग दिला. सा, रे, ग, प, ध, एवढे पाचच स्वर. काळी तीनला सा धरला की पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, म्हणून बोटाला वाट सापडते. भजनात चुकलं तर गळे सांभाळून घेतात. पण त्यांनी आम्हाला तीनतालातली बंदिश नुसत्या पेटीवर वाजवायला लावली. तिथं लपायला जागा नाही.

पुढं तालुक्याच्या महिला मेळाव्यात आम्हाला दहा मिनिटं मिळाली. वाजवायचं आक्कांनी, असं ठरलं. वय पंचावन्न. घरातून बोल आला, "या वयात हे काय आणि? चुकलात तर गावाचं हसं होईल." आक्का आम्हाला म्हणाल्या, "बायांनो, दुसरी कुणीतरी बसा." आम्ही म्हटलं, "आक्का, तुम्ही बसा. आम्ही मागं आहोत."

भीती आधी हातात उतरते, हे आम्ही तालमीत पाहिलं. बोटं गार पडतात. डावा हात भाता घाईनं ओढतो, मग सूर हेलकावे खातो. लय आपोआप वाढते. त्यावर आम्ही चार गोष्टी केल्या. पहिली, रोज निम्म्या लयीत वाजवायचं. दुसरी, बंदिश दर वेळी पहिल्यापासून न धरता मधल्या कुठल्याही ओळीपासून उचलायची. नुसत्या सवयीनं पाठ केलेलं साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की सगळंच सुटतं. तिसरी, माणसांसमोर वाजवायचं. आधी गटाच्या बैठकीत, मग हळदीकुंकवात, मग देवळात. चौथी, बसण्याआधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा.

गुरुजींनी एक गोष्टही सांगितली. जर्मनीत क्लारा शूमान नावाच्या पियानो वाजवणाऱ्या बाई होऊन गेल्या. नऊ वर्षांच्या असताना, 1828 साली, त्या लोकांसमोर वाजवायला बसल्या. पुढं आठ लेकरं झाली. 1856 साली नवरा वारला, तेव्हा जाहीर कार्यक्रम करून त्यांनी घर चालवलं. एवढं नाव झालं तरी वाजवण्याआधीची धास्ती त्यांना सुटली नव्हती. आक्का म्हणाल्या, "आठ लेकरांच्या आईलाही गोळा यायचा म्हणा की!" त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

मेळाव्याचा दिवस आला. मंडप भरलेला. तबल्यावर आमच्यातल्या एकीचा भाचा. अस्थायी छान झाली. अंतऱ्यात आक्कांची बोटं थांबली. पुढचं काही आठवेना. आम्हा मागं बसलेल्यांचा जीव घशात आला. पोरानं ठेका सोडला नाही. आक्कांनी भाता चालू ठेवला आणि नुसता सा धरून बसल्या. तालाचं एक आवर्तन गेलं. आमची बंदिश नवव्या मात्रेला, खालीवर उठते. खाली आली तशी आक्कांनी पहिली ओळ उचलली आणि नेमक्या समेवर आल्या. अंतरा अर्धाच राहिला, पण मंडपात कुणाला कळलंही नाही. कळलं ते आम्हाला आणि गुरुजींना.

उतरल्यावर आक्का म्हणाल्या, "चुकले गं." गुरुजी म्हणाले, "चुकलात खऱ्या, पण थांबला नाहीत. थांबला असता तर मग हसं झालं असतं."

सयांनो, या पेटीनंही अपमान सोसलाय. 1940 साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. तेवढी वर्षं पेटी रेडिओवर नव्हती, पण देवळात आणि घरात वाजतच राहिली.

आक्कांची भीती गेली का? नाही. परवाच्या एकादशीलाही पेटी उघडताना त्यांचे हात गार होते, आम्ही धरून पाहिले. पण आता पेटीवाला आला नाही म्हणून भजन अडत नाही. तो आला तर टाळ घेऊन आमच्यात बसतो.

तुमच्या गटातही एखादी ग्रामसभेत बोलायला, बँकेत साहेबासमोर उभी राहायला घाबरत असेल. तिला नुसतं "घाबरू नकोस" म्हणू नका. आधी तुमच्या बैठकीत तिला दोनदा बोलू द्या, आणि त्या दिवशी तिच्या मागं जाऊन बसा. चुकली तर ठेका तुम्ही धरा.