कामावरील अपघात आणि कायम अपंगत्वाचा विमालाभ

(सुरक्षा सप्ताहानिमित्त कामगार, शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींत रोज सकाळी आसपासच्या गावांतून शेकडो माणसे कामास जातात. यंत्रात बोट सापडते, डोळ्यांत लोखंडाचा कण जातो, उंचावरून पडून कंबर दुखावते. अशा प्रसंगी घरच्या मंडळींचा पहिला विचार औषधोपचाराचा असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु अपघाताची रीतसर नोंद झाली की नाही, हा दुसरा विचार बहुधा कोणी करीत नाही. जखम भरते, कामगार पुन्हा कामावर जातो. पुढे हात पूर्वीसारखा चालेनासा होतो, आणि मग कळते की जन्मभर मिळू शकणारा लाभ एका नोंदीअभावी अडून राहिला आहे.

कर्मचारी राज्य विमा योजना 1948 च्या कायद्याने निर्माण झाली आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रत्यक्ष आरंभ झाला. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून या योजनेच्या तरतुदी आता तिच्यात समाविष्ट आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ही योजना सामान्यतः लागू होते. मासिक वेतनाची मर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी 25,000 रुपये ठरविण्यात आली. जुलै 2019 पासून वेतनाच्या 3.25 टक्के वर्गणी मालकाची व 0.75 टक्का कामगाराची, असे प्रमाण आहे. म्हणजे हा लाभ कोणाच्या कृपेचा नसून वर्गणी भरून मिळविलेला हक्क आहे.

आजारपण आणि कामावरील इजा यांतील भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. सामान्य आजारपणाच्या लाभासाठी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. वेतनाच्या 70 टक्के दराने तो वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. कामावरील इजेस मात्र अशी अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क उत्पन्न होतो. मालकाने वर्गणी थकविली म्हणूनही तो बुडत नाही; ती वसूल करण्याचे काम महामंडळाचे आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानच्या प्रवासातील अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखविता आल्यास, या कक्षेत येतो. काही व्यवसायजन्य रोगांनाही कामावरील इजेचाच दर्जा आहे. बेळगावच्या ओतशाळांसारख्या ठिकाणी वाळूच्या बारीक धुळीने जडणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग त्यांपैकीच एक होय.

कामगार उपचाराखाली असून कामास असमर्थ असेल तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के दराने मिळतो. उपचार संपल्यावर काही न्यून उरले असेल, तर कामगाराला वैद्यकीय मंडळापुढे तपासले जाते. अर्थार्जनाची क्षमता किती टक्के कमी झाली, हे ते मंडळ ठरविते. अनेक इजांचे प्रमाण अनुसूचीतच दिलेले आहे. एक अंगठा पूर्ण गेल्यास 30 टक्के, दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेल्यास 40 टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास 50 टक्के, दोन्ही हात गेल्यास 100 टक्के.

उदाहरणार्थ, एखाद्या कामगाराचे सरासरी दैनिक वेतन 600 रुपये आहे. त्याचा पूर्ण दर 540 रुपये झाला. अंगठा गेल्यामुळे त्याला याच्या 30 टक्के, म्हणजे दिवसास 162 रुपये मिळतील. तीस दिवसांच्या महिन्यास ही रक्कम 4,860 रुपये होते. अपंगत्व कायमचे ठरल्यास हा लाभ आजन्म चालतो आणि कामगार पुन्हा नोकरी करू लागला तरी बंद होत नाही. नोकरीवर परतल्यावर अर्ज करता येत नाही, हा समज खोटा आहे. या भ्रमापायी कित्येकजण मंडळापुढे जाण्याचेच टाळतात.

आता अर्जाविषयी. अपघात झाल्याबरोबर मालकास किंवा देखरेख करणाऱ्यास कळवावे; तोंडी कळविलेलेही चालते. परंतु अपघात नोंदवहीत आपले नाव, तारीख, वेळ, इजेचे स्वरूप व साक्षीदार यांची नोंद झाल्याची स्वतः खात्री करून घ्यावी. त्यानंतर मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाकडे पाठवावयाचा असतो. “घरी पडलो” असे दवाखान्यात सांगण्याचा आग्रह कोणी केला तर तो मानू नये. केसपेपरवरचे ते दोन शब्द पुढे सगळा दावा मोडू शकतात. विमा क्रमांक, डॉक्टरांचे दाखले, तपासणीचे अहवाल, बँकेचे पासबुक यांच्या प्रती एका ठिकाणी जपून ठेवाव्यात. उपचार संपताच शाखा कार्यालयात जाऊन वैद्यकीय मंडळाकडे पाठविण्याची लेखी मागणी करावी व अर्जाची पोच घ्यावी. मंडळाने ठरविलेले प्रमाण मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे दाद मागता येते. अपिलाला मुदत असते, म्हणून निर्णयाचा कागद हाती येताच हालचाल करावी. लाभ सुरू झाल्यानंतर हयातीचा दाखला वेळेवर देण्यास विसरू नये.

जो कामगार या योजनेखाली येत नाही, त्याचा मार्ग निराळा. त्याला मालकाकडून एकरकमी नुकसानभरपाई मागता येते; 1923 पासून चालत आलेले हे तत्त्व आता याच संहितेत आहे. शासकीय सेवकांना, सरकारी शाळांतील शिक्षकांसह, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे संरक्षण आहे. सेवेत असताना अपंगत्व आल्यास त्यांना सामान्यतः काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर त्यांना नेमले पाहिजे.

कायदा आहे, निधी आहे, कार्यालयेही आहेत. उणीव राहते ती दुखावलेला माणूस आणि कार्यालय यांच्यामधल्या अंतराची. ज्याचा उजवा हात बांधलेला आहे, त्याला अर्ज लिहिता येत नाही. तेथे गावच्या शिक्षकाने लेखणी हाती घ्यावी. पंचायतीच्या सेवकाने कोणता कागद कोठे मिळतो ते सांगावे. आणि खिडकीपलीकडील अधिकाऱ्याने अपुऱ्या कागदांची यादी एकाच वेळी, लेखी द्यावी, म्हणजे एका दाखल्यासाठी त्या माणसाला तीन खेपा घालाव्या लागणार नाहीत. अपघाताच्या दिवशी केलेली चार ओळींची नोंद एखाद्या कुटुंबाच्या पुढील तीस वर्षांचा आधार ठरू शकते. ती नोंद राहून जाऊ नये, एवढी दक्षता सर्वांनी मिळून घ्यावी.