सांडलेल्या पेट्रोलकडे धावू नका

(खुलताबाद येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज टँकरविषयी बोलणार आहे. मी ईश्वरविज्ञान शिकलो, रसायनशास्त्र नव्हे. त्यामुळे विषय ऐकून काहींना नवल वाटेल. पण आपण ज्या भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवर जातो, त्यांतल्या काही रस्त्याला लागूनच आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर मराठवाड्याकडे येतात. सोलापूर–धुळे महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ आहे, वाटेत घाट आहे.

एका वस्तीवर मी सांगत होतो, टँकर उलटला तर जवळ जाऊ नका. एक बाई म्हणाली, "दादा, मातीतच जिरणार ना ते? मग आम्ही डबाभर घेतलं तर कुणाचं काय गेलं?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव आहे. याला लोभ म्हणणे पोटभर जेवलेल्या माणसाला सोपे जाते. मी तिला पाकिस्तानातल्या अहमदपूर शर्कियाची हकिगत सांगितली. २५ जून २०१७, ईदचा आदला दिवस. पेट्रोलचा टँकर उलटला आणि आसपासची माणसे बाटल्या, डबे घेऊन धावली. थोड्या वेळात भडका उडाला. २०० हून अधिक माणसे गेली.

ती गप्प बसली, मग म्हणाली, "पण काडी कुणी लावली?"

खरा प्रश्न हाच आहे. जळते ती पेट्रोलची वाफ, आणि ती कडाक्याच्या थंडीतही सुटत राहते. ती हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकते, नालीत, खड्ड्यात साचते. लांबची चूल, विडी, मोटारसायकलची ठिणगी तिला पुरते, आणि आग वाफेतून उलटी धावत टँकरपर्यंत जाते. वास आला म्हणजे वाफ आपल्यापर्यंत पोहोचली, असेच समजा.

आपल्याकडचे उदाहरण १३ जून २०२३ चे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या पुलावर टँकर पेटला आणि जळते रसायन खालच्या रस्त्यावर पडले. चार जीव गेले. तेव्हा उताराच्या बाजूला, पुलाखाली, नाल्यात थांबायचे नाही. वारा पाठीमागून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला, चढावर, लांब जायचे. वारा वस्तीकडे असेल तर चूल विझवत बसू नका. मुलांना घेऊन निघा.

फोन ११२ ला करा. टँकरवर फलक असतो, त्यावरचा चार आकडी क्रमांक लांबून दिसला तर सांगा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२३० म्हणजे मिथेनॉल. मिथेनॉलची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही, म्हणून "आग नाही" असे डोळ्यांनी ठरवू नका. बादलीने पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. त्यासाठी अग्निशमन दलाकडे फेस असतो.

सर्वांत अवघड भाग चालकाचा. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपणच तर सांगत आलो, मग आत अडकलेल्या माणसाला सोडून मागे व्हा असे कसे सांगायचे? तरी सांगतो. द्रव गळत असेल तर आत शिरू नका. त्याला चालता येत असेल तर लांबून हाका मारून बाहेर बोलवा. हे बोलताना माझा आवाज अजून बसतो.

कुणी भाजले तर वीस मिनिटे थंड, स्वच्छ, वाहते पाणी जखमेवर सोडा आणि १०८ ला कळवा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. चिकटलेले कापड ओढू नका. अंगावर पेट्रोल सांडले असेल तर आधी आगीपासून दूर, मग कपडे उतरवून अंग धुवा.

पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी जे वस्त्यांवर येतील, त्यांनी एवढे विचारावे: इथे मोबाईलला रेंज कुठे मिळते, आणि तिथवर पळत कोण जाणार? डबा नेण्याविषयी विचारणाऱ्या त्या बाईने आपल्या वस्तीवर हे काम स्वतःकडे घेतले आहे. रेंज मिळते ती जागा तिने मला दाखवली. टेकडीवर, लिंबाच्या झाडाखाली.