पावसाळ्यातला पुण्याचा फेरा



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषण म्हणण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. "तुम्ही भर पावसात पुण्याला जाऊन पाहता तरी काय?" असे चिटणीसबाईंनी विचारले होते, त्याचे उत्तर तेवढे देते.

आपण पावसाळ्यात शहरात कुणाकडे गेलो आणि सकाळीच धार लागली, की दिवस ओट्यापाशी जातो. मंडळी भजी मागतात, आणि पाहुणी असली तरी झारा आपल्याच हाती येतो. घर शेजारणीवर टाकून, भाडे भरून आपण जायचे ते कढईसाठी का? मला हे पटत नाही. बागा आणि टेकड्या उघडिपीला ठेवाव्या. पावसाच्या दिवशी छपराखालचे पाहावे.

खर्चाचे म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मे भाडे आहे. त्याआधी, २०२२ साली, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास फुकट झाला. सासूबाईंना नेताना त्यांचे आधारकार्ड मात्र पिशवीत हवे. वाचलेल्या भाड्यात संग्रहालयाचे तिकीट निघते. मुलांना बहुतेक ठिकाणी तिकीट कमी असते. खिडकीवर विचारायला लाजू नये.

स्वारगेटला उतरून मी प्रथम राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाते. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंचीही त्यांना साथ होती. १९७५ साली हे सारे त्यांनी शासनाच्या स्वाधीन केले. कोथरूडचा मस्तानीचा महाल आणून तेथे उभा केला आहे, आणि पुरुष मंडळी तोच पाहायला धावतात. मी रेंगाळते ती अडकित्त्यांपाशी. केवढे त्यांचे आकार! शिवाय दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्या वस्तू काचेआड जपून ठेवल्या आहेत. राजांच्या तलवारी सगळेच जपतात हो. बाईच्या हातातली वज्री जपावी असे वाटणारा माणूस विरळाच. ते पाहून आल्यापासून घरात कुणी जुने पितळ मोडीत काढू लागले, की मी आधी ते हातात घेऊन पाहते.

जिने बरेच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावे, पावसात कुणाला घाई नसते.

दुपारी हाताशी वेळ असेल तर आगाखान पॅलेस. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे लेकुरवाळीलाही हे परवडते. गांधीजींना १९४२ साली येथेच स्थानबद्ध केले होते. कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच देह ठेवला. खोल्या आतून पाहता येतात. समाधी बाहेर आवारात आहे, तिकडे पाऊस ओसरल्यावर जावे. तेथे बोलणे आपोआप थांबते.

बरोबर एक पंचा आणि ओल्या छत्रीसाठी प्लॅस्टिकची पिशवी असावी. चपला चामड्याच्या नकोत.

श्रावणात मंगळवार-शुक्रवारी आपल्याला सवड नसते, म्हणून दुसरा गुरुवार धरला आहे. यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. डबा आपापला आणावा.