मनोरा रोवण्यापूर्वी

दिल्लीच्या दक्षिण भागात, बहापूर गावालगतच्या एका खडकावर १९६६ साली ब्राह्मी लिपीतील काही ओळी आढळल्या. वसाहतीच्या बांधकामावर असलेल्या एका कंत्राटदाराची नजर त्यांवर पडली आणि सम्राट अशोकाचा एक लघुशिलालेख उजेडात आला. प्रयत्न केल्यास थोरांप्रमाणे लहानांनाही स्वर्ग साध्य होतो, असा त्याचा आशय आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांची ही अक्षरे जगापुढे आली ती एका माणसाच्या सावध दृष्टीमुळे. इतिहास असा दैवावर सोपवावा काय?

राजधानीला वीज पुरविणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या आसपासच्या जिल्ह्यांतील शेते ओलांडून येतात. तार वरून जाते, तेव्हा खालच्या भूमीस धक्का लागत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु मनोऱ्याच्या चार पायांसाठी खोल खड्डे घ्यावे लागतात, यंत्रांसाठी वाट करावी लागते आणि शहरात अनेक ठिकाणी वाहिनी चर खणून पुरली जाते. यमुनेच्या खोऱ्यात जुन्या वस्तीची खूण म्हणजे बहुधा मातीचा उंचवटा आणि विखुरलेली खापरे. बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे शेत सपाट करताना प्राचीन दफने उघडी पडली. पुढे २०१८ साली तेथेच तांब्याने सजविलेल्या चाकांची वाहने निघाली.

प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा २०१० साली दुरुस्त झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरले. मात्र ‘बांधकाम’ या संज्ञेतून जनतेच्या वीजपुरवठ्याची कामे वगळण्यात आली. स्मारकाशेजारच्या घरातही दिवा लागला पाहिजे, हे खरेच. पण हे कुंपण मुळात ज्ञात स्मारकांचे. शेताखाली दडलेल्या अज्ञात वस्तीला त्याचा आसरा नाही.

धरणाखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात १९५४ ते १९६० या काळात उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उंचावर पुन्हा उभारण्यात आल्या. तेथे पाणी अटळ होते. वीजवाहिनीचे तसे नाही. तिचा मार्ग कागदावर असेतो मनोरा थोडा अलीकडे वा पलीकडे घेता येतो. त्यासाठी जाणकारांनी आखलेल्या मार्गावरून आधी एकदा पायी जावे, खापरे पाहावीत, उंचवट्यांची नोंद करावी. या कामाला वेळ व खर्च थोडाच लागतो. एकदा खड्डा खणला गेला, की थरांचा क्रम मोडतो आणि तो पुन्हा कोणालाही लावता येत नाही.