नाव देणे आणि नावे ठेवणे
(केंद्रशाळेतील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



प्रथम माझी एक चूक आपणांपुढे मांडतो. नोकरीच्या आरंभी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तो जागेवर स्थिर बसत नसे, वह्या हरवी, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देई. मी त्याला 'भिरभिऱ्या' म्हणू लागलो. पुढे वर्गही म्हणू लागला, घरही म्हणू लागले. एके दिवशी हजेरी घेताना मी त्याचे खरे नाव पुकारले, तेव्हा त्याने मानही वर केली नाही. शेजारच्या मुलाने 'अरे भिरभिऱ्या' म्हणताच मात्र तो 'हजर' म्हणून उभा राहिला.

अशा मुलांचे वर्णन डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडन येथील व्याख्यानांत केले, तेव्हा त्यांनी हा नैतिक संयमाचा दोष मानला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ मध्ये त्यास अतिचंचलतेचे, तर १९८० मध्ये अवधान-न्यूनतेचे नाव दिले. नावे बदलली, मूल तेच राहिले. मेंदूच्या विकासातील हा फरक असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज आपण जाणतो. तो मुलाचा हट्ट नव्हे, की आईने केलेल्या लाडाचे फळ नव्हे.

निदान करणे हे तज्ज्ञांचे काम होय. लक्षणे निदान सहा महिने, आणि घरी तसेच शाळेतही दिसतात काय, हे ते पाहतात. त्यांनी दिलेल्या नावाने साहाय्याची वाट उघडते. आपण ठेवलेल्या नावाने ती बंद होते. म्हणून नोंदवहीत 'धांदरट' असे न लिहिता, 'गणिताच्या तासास दहा मिनिटांनी उठतो' असे लिहावे. मुलाची दृष्टी, श्रवण, झोप व भूक यांचीही चौकशी करावी. त्यास पुढे, दारापासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. वह्या वाटण्याचे काम सोपवून उठण्यास निमित्त द्यावे. गप्प बसून खिडकीबाहेर पाहत राहणारी मुलगीही याच कारणाने मागे पडत असेल, हे विसरू नये.

शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. टोपणनाव हाही छळच, असे मी मानतो.

त्या मुलाचे नाव मीच हिरावले होते. ते त्यास परत मिळावे म्हणून वर्षभर मी रोज त्याला पूर्ण नावाने हाक मारीत राहिलो. आपणांवर ही वेळ येऊ नये. उद्या हजेरी घेताना प्रत्येक मुलास त्याच्या नावानेच पुकारावे, एवढीच विनंती.