पेटीच्या पट्टीखालचा नमदा

आज आम्ही पेटीबद्दल सांगणार आहोत, आपल्या भजनाच्या पेटीबद्दल.

आमच्या मंडळाची पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. जुनी आहे. पट्टी दाबली की टकटक वाजायची आणि भाता मारला की मधल्या सप्तकातली काळी चार कुणी हात न लावताच सूर धरून बसायची. पुरुषांच्या मंडळाकडे पेटी मागावी, तर एकादशीला त्यांनाही लागते. शहरातल्या दुकानात खर्च विचारला आणि पेटी तशीच उचलून परत आणली. मग बाजारगावातल्या एका जुन्या कारागिराकडे दोन दिवस बसून आम्ही हे काम शिकलो.

पेटीचा सूर पितळेच्या रीडमधून निघतो. रीडकडे जाणारं हवेचं भोक पट्टीच्या मागच्या टोकाने झाकलेलं असतं. झाकण घट्ट बसावं म्हणून तिथे नमदा आणि त्यावर मऊ कातडं असतं. नमदा म्हणजे दाबून केलेली जाड लोकर, दुकानात फेल्ट म्हणून मिळते. पट्टीच्या पुढच्या बाजूला खाली आणखी एक नमद्याची पट्टी असते, बोट पडल्यावर लाकडावर लाकूड आपटू नये म्हणून. लोकरच ती, तिला कसर लागते. कसरीने खाल्ली की मागून हवा निसटते आणि पुढून टकटक होते.

आता जुना नमदा काढायचा कसा? इथेच घाई होते. सुरीने खरवडला की लाकडाचे तंतू निघतात, खड्डे पडतात आणि नवा नमदा कितीही चांगला आणला तरी खड्ड्यातून हवा जातेच. जुन्या पेटीत नमदा बहुधा सरसाने चिकटवलेला असतो. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा, त्याला ऊब आणि ओल मिळाली की तो सैल होतो. सुती फडकं गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की पाण्याचा थेंब गळता कामा नये, आणि नमद्यावर ठेवायचं. थोडा वेळ थांबायचं. गार झालं की पुन्हा गरम करायचं. मग बोथट सुरीचं टोक कडेला सरकवलं की नमदा सालीसारखा उचलून येतो. येत नसेल तर ओढू नका, फडकं पुन्हा ठेवा. उरलेला सरस त्याच फडक्याने पुसून घ्यायचा. फेविकॉलने चिकटवलेला नमदा मात्र इतक्या सहज सुटत नाही. तिथे वेळ लागतो.

पियानो दुरुस्त करणारेही असंच करतात. पियानोला ८८ पट्ट्या. प्रत्येक पट्टी लोखंडी खुंट्यांवर बसते आणि खुंटीच्या भोकाला आतून लोकरी कापड लावलेलं असतं. ते झिजलं की पट्टी डुगडुगते. तेही ऊब आणि ओल देऊनच सोडवतात. आपल्याला ४२च करायच्या आहेत!

पट्टी काढण्याआधी डावीकडून १, २, ३ असे आकडे पेन्सिलीने घाला. एकीची जागा दुसरीला नीट बसत नाही. स्प्रिंगाही त्याच क्रमाने कागदावर मांडा. पट्ट्या रात्रभर सावलीत वाळू द्या, उन्हात लाकूड वाकतं. जुन्या नमद्याचा, कसरीने न खाल्लेला एक तुकडा दुकानात घेऊन जा आणि तेवढ्याच जाडीचा मागा. जाड आणला तर पट्ट्या वरखाली दिसतील आणि बोटं अडखळतील.

रीडला मात्र हात लावायचा नाही. ती किंचित घासली तरी सूर बदलतो, ते काम जाणकाराचं. कसर लागू नये म्हणून कुणी पेटीत कडुलिंबाचा पाला घालतं. आमच्या मते घालू नये, चुरा रीडमध्ये अडकतो.

जाता जाता एक गंमत. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. आज तिचं दुखणं आम्ही रेडिओवरच सांगतोय.

दशमीला दुपारी आमच्या देवळात शेजारच्या वाडीची पेटी उघडणार आहोत. बघायला या. येताना जुनं सुती फडकं आणि पेन्सिल आणा.