जमिनीच्या दप्तरात नसलेली माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाची संहिता)



जमीन, श्रम आणि भांडवल हे उत्पादनाचे घटक अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवले जातात आणि परीक्षा संपताच विद्यार्थी त्यांतला पहिला घटक विसरून जातो. पुष्कळदा प्राध्यापकही विसरतात. या विस्मृतीविरुद्ध १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोतील हेन्री जॉर्ज या पत्रकाराने 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ सिद्ध केला. शहर वाढते ते सर्वांच्या कष्टाने. परंतु त्यामुळे जमिनीचे जे मूल्य वाढते ते हातही न हलवणाऱ्या मालकाच्या पदरात पडते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते.

सुमारे शंभर वर्षांनंतर त्याच परिसरात दोन चळवळी जवळजवळ एकाच वेळी उभ्या राहिल्या. पहिली मोकळी जमीन वाचवण्याची आणि दुसरी समलिंगी स्त्री-पुरुषांच्या नागरी हक्कांची. पहिलीचे दप्तर काउंटीच्या कचेरीत मिळते, दुसरीचे जुन्या वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांत. ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून कोणी फारसे वाचत नाही. आपल्यापैकी काहींना हा विषय परका, कदाचित संकोचाचाही वाटेल. परंतु राहत्या घराचा आणि भाड्याचा प्रश्न समाजवाद्यांना परका कसा असेल?

प्रथम जमिनीकडे पाहू. काउंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मात्र तिचे मंडळ लोकनियुक्त असते आणि गावठाणांबाहेरील जमिनीचा वापर बव्हंशी तेच ठरवते. गोल्डन गेट पुलापलीकडील मरीन काउंटीत १९६०च्या दशकात 'मरीनचेलो' नावाचे सुमारे तीस हजार वस्तीचे नवे शहर वसवण्याचा बेत होता. बिल्डर टॉमस फ्राउज आणि त्याच्या पाठीशी गल्फ ऑइल ही तेलकंपनी! नागरिकांनी तो बेत हाणून पाडला. १९७२ साली ती जमीन एका निसर्गरक्षक संस्थेने विकत घेतली व पुढे ती राष्ट्रीय उद्यानात गेली. त्याच सुमारास पश्चिम मरीनच्या दुग्धव्यावसायिक पट्ट्यात साठ एकरांमागे एकच घर, असा नियम काउंटीने केला. १९८० साली जीवशास्त्रज्ञ फिलिस फेबर आणि गोपालक एलन स्ट्रॉस या दोघींनी शेतजमिनींसाठी एक न्यास काढला. शेतकऱ्याकडून जमीन घ्यायची नाही, फक्त त्यावर इमारती बांधण्याचा हक्क विकत घेऊन तो कायमचा गोठवायचा, ही त्याची रीत. जमीन शेतकऱ्याचीच राहते, गायी चरत राहतात, मात्र तेथे बंगले उठत नाहीत. शेजारच्या सोनोमा काउंटीने १९९० साली मतदान घेऊन डॉलरमागे पाव सेंट विक्रीकर याच कामासाठी बसवला. २००६ साली मतदारांनी त्याला २०३१ पर्यंत मुदतवाढ दिली.

ही कामगिरी मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही अर्थशास्त्राचा हिशेब मांडलाच पाहिजे. साठ एकरांच्या नियमात समाजाने आपला अधिकार वापरला आणि मालकाला मोबदला दिला नाही. बांधकामहक्क विकत घेण्याच्या रीतीत मात्र समाजानेच निर्माण केलेली मूल्यवाढ समाजानेच पैसे मोजून परत घेतली. तेही विक्रीकरातून, म्हणजे ज्याची सारी मिळकत खर्च होते त्या गरिबाला अधिक जाचणाऱ्या करातून. हेन्री जॉर्जने कपाळाला हात लावला असता! शिवाय मोकळ्या टेकड्यांच्या शेजारची घरे आपोआप महागतात. त्याच वेळी आधीच्या वस्त्यांत स्वस्त घरे बांधली नाहीत, तर वाचवलेल्या टेकडीची किंमत शहरातला भाडेकरू मोजतो.

तो भाडेकरू कोण, हे काउंटीच्या दस्तांत आढळत नाही. तेथे असते खरेदीखत, गहाणखत आणि मालकाचे नाव. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही. तेथील कॅस्ट्रो ही एके काळची आयरिश कामगारांची वस्ती. कुटुंबे उपनगरांकडे निघाली, घरे स्वस्त झाली आणि १९७०च्या दशकात समलिंगी तरुण तेथे येऊ लागले. त्यांनी पडकी घरे उभी केली, भाव वाढले, सट्टेबाज आले. हार्वे मिल्क याच गल्लीत कॅमेऱ्याचे दुकान चालवीत. कूर्स बिअरवरील बहिष्कारात त्यांनी समलिंगींच्या मद्यगृहांना वाहनचालकांच्या युनियनबरोबर उभे केले. कामगार एकजुटीचा हा धडा आपल्याही वर्गांत शिकवावा असा आहे. १९७७ साली ते काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आले. घरे घेऊन लगोलग विकणाऱ्यांच्या नफ्यावर कर बसवावा, असा त्यांचा आग्रह होता. भाडे वाढल्यामुळे स्वतःचे दुकानही त्यांना हलवावे लागले होते. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी महापौर मॉस्कोनी यांच्यासह त्यांची हत्या झाली.

हा सारा तपशील कळतो तो मुख्यतः समाजाच्या आपल्या वृत्तपत्रांतून. १९७१ साली निघालेल्या 'बे एरिया रिपोर्टर'मध्ये मिल्क स्वतः सदर लिहीत. मोठी दैनिके ज्यांचा उल्लेख करीत नसत, त्यांच्या बातम्या आणि लहान जाहिराती या पत्रात येत. एड्सच्या काळात तर ते मृत्यूंची वही बनले. १६ नोव्हेंबर १९८९च्या अंकात वर्षभरात गेलेल्यांची छायाचित्रे पानोपानी छापली होती. १३ ऑगस्ट १९९८च्या अंकात एकही मृत्युलेख आला नाही, आणि तीच त्या दिवशी पहिल्या पानावरची बातमी ठरली. १९८५ साली त्या परिसरात या समाजाची इतिहाससंस्था स्थापन झाली नसती, तर यांतले बरेचसे रद्दीत गेले असते.

मृत माणूस भाडेकरू असेल, तर त्याच्यासह राहणाऱ्याचे काय? हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये न्यायालयात गेला. ब्राशी खटल्यात १९८९ साली तेथील सर्वोच्च राज्य न्यायालयाने ठरवले की, भाडेनियंत्रणाच्या नियमापुरता असा जोडीदार कुटुंबीयच मानावा. हा निर्णय कागदी नात्यावर झाला नाही. दोघे एकत्र किती वर्षे राहिले, संसार कसा केला, शेजारी त्यांना काय समजत, हे पाहून झाला. जगण्याचा पुरावा दस्तापेक्षा वरचढ ठरला.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी कसणारा मालक मानला गेला खरा. परंतु ज्याचे नाव सातबाऱ्यावर कूळ म्हणून लागलेच नव्हते, त्याला कसत असल्याचे सिद्ध करताना काय यातायात पडली, हे आपल्यातील वडीलधारी मंडळी जाणतात.

त्या परदेशी परिसराशी आपला एक धागाही आहे. १९८६ साली तेथील भारतीय तरुणांनी 'त्रिकोण' हे नियतकालिक सुरू केले. चारच वर्षांनी, १९९० साली, मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' काढले. तेव्हा ३७७ कलमाची टांगती तलवार होती, ती सप्टेंबर २०१८मध्ये दूर झाली. अशा पत्रांचे अंक वृत्तपत्री कागदावरचे असोत की चक्रमुद्रित, काही दशकांत पिवळे पडून हातात तुटतात. गिरण्यांच्या चाळी, झोपडपट्ट्या आणि कूळसंघटना यांची पत्रकेही त्याच अवस्थेत आहेत. आपल्या शाखांच्या कपाटांतून त्यांतले काय उरले आहे, याची यादी या पावसाळ्यापूर्वी व्हावी. कारण वाळवी ठरावाची वाट पाहत नाही. यादी झाली की ती तालुक्याच्या विकास आराखड्याच्या सुनावणीत न्यावी, आणि नकाशावर कोऱ्या दाखवलेल्या जागेवर कोण राहत होते ते पुराव्यानिशी वाचून दाखवावे.